मातीचा दरबार

श्रोतेहो, आपल्याकडे चैत्रात घरोघरी गौर बसते. तिच्यापुढे पायऱ्या मांडतात, त्यांवर धुतलेले शुभ्र वस्त्र अंथरतात आणि चित्रे, खेळणी, लाकडी बाहुल्या, चिनी मातीची हरणे, असे जे जे शोभिवंत घरात असेल ते ते हारीने लावतात. संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला येतात. भिजवलेल्या हरभऱ्यांनी त्यांची ओटी भरली जाते, आंब्याची डाळ आणि पन्हे पुढे येते. माझे लहानपण अशा आराशीच्या पायऱ्यांभोवती गेले. पुढे संसाराच्या निमित्ताने मी चेन्नईला राहावयास गेले. तेथील पहिल्याच नवरात्रात शेजारच्या मामींनी मला बोलावणे पाठविले आणि त्यांच्या दिवाणखान्याच्या उंबरठ्यावर मी थबकून उभी राहिले. चैत्रातली आमची गौर या परक्या शहरात, आश्विनात, माझ्या आधीच येऊन बसली आहे असे मला वाटले.

त्यांच्याकडे याला 'कोलू' म्हणतात. कोलू म्हणजे दरबार. राजाने सिंहासनावर बसून प्रजेला दर्शन देणे. आंध्रात हाच 'बोम्मल कोलुवू' होतो आणि म्हैसूरकडे 'गोंबे हब्ब'. सर्वपित्री अमावास्येला पायऱ्या मांडतात. त्यांची संख्या नेहमी विषम असते; तीन, पाच, सात, नऊ, ज्याच्या घरात जेवढी जागा असेल तेवढ्या. वरच्या पायऱ्यांवर देव असतात, दशावतार, अष्टलक्ष्मी, रामाचा पट्टाभिषेक. त्यांच्या खाली साधुसंत आणि थोर पुरुष. सर्वांत खाली तुमच्याआमच्यासारखी माणसे: लग्नाची वरात, बाजार, गवयाची मैफल, आणि हमखास असणारे एक स्थूल शेट्टी जोडपे. हे शेट्टी आणि शेट्टीणबाई धान्याची टोपली पुढे मांडून वर्षानुवर्षे दुकान चालवीत बसलेली असतात. एका कोपऱ्यात रक्तचंदनाची लाकडी जोडी असते, तिला 'मरप्पाच्ची' म्हणतात. ती मुलीला तिच्या लग्नात माहेराहून मिळते. रोज संध्याकाळी पाहुण्या येतात, एखादे कीर्तन म्हणतात, आणि जाताना हळदकुंकू, विडा आणि ओल्या खोबऱ्याचा कीस घातलेली हरभऱ्याची उसळ घेऊन जातात. तिला 'सुंडल' म्हणतात. चैत्रगौरीचा हरभरा तेथेही माझी पाठ सोडीत नाही हे पाहून मला फार बरे वाटले.

पण आज मला कोलू मांडणाऱ्या गृहिणीविषयी बोलावयाचे नाही. या दरबारातले राजे, देव, शेट्टी आणि सनईवाले ज्या हातांतून जन्माला येतात, त्या हातांविषयी बोलावयाचे आहे. मामींच्या घरी मी विचारले, "ही सरस्वती कोणी केली?" तेव्हा मामी म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनी घेतली." घेतली कोणी ते त्यांना ठाऊक होते, केली कोणी हे त्या घरात कोणी कधी विचारले नव्हते.

कपालीश्वराच्या देवळाच्या उत्तरेस जो रस्ता आहे, त्या उत्तर माड रस्त्यावर नवरात्रापूर्वी बाहुल्यांचा बाजार भरतो. पदपथावर, हातगाड्यांवर, दुकानांच्या फळ्यांवर मातीची आणि कागदाच्या लगद्याची एक सेनाच उभी असते. तिच्यातल्या काही बाहुल्या कडलूरजवळच्या वंडिपाळैयमहून येतात, काही मदुरेजवळच्या विळाच्चेरीहून. विळाच्चेरीचे कुंभार नवरात्रासाठी देवी घडवितात आणि नाताळासाठी त्याच मातीतून गोठ्यातला बाळ येशू, मेरी आणि मेंढपाळही घडवितात. चेन्नईतील स्वतःची अशी बाहुल्यांची वस्ती म्हणजे कोसापेट. 'कोसवर' म्हणजे कुंभार, त्यांची ती पेठ. पुरसवाक्कमच्या दाट वस्तीत अरुंद गल्ल्यांतून हिंडताना घरांच्या ओट्यांवर, जिन्यांवर, गच्च्यांवर बिनरंगाची माणसे वाळत असलेली दिसतात.

एका उन्हाळ्यात मामींच्या बरोबर मी तेथे गेले. एक वृद्ध कारागीर ओट्यावर बसून बाहुलीच्या कडा खरवडत होते. मामी दुभाषाचे काम करीत होत्या, आणि मोडक्या तमिळमध्ये मीही मधूनमधून तोंड घालीत होते. मी त्यांना 'अय्या' म्हणे, ते मला 'अम्मा' म्हणत. पुढे चार-पाच वर्षे मी त्यांच्याकडे जात राहिले. त्यांचे नाव मी येथे घेत नाही. त्यांनी आपल्या एकाही बाहुलीवर ते घातलेले नाही. तेव्हा मी ते आकाशवाणीवरून सांगणे त्यांना रुचणार नाही.

त्यांचे वर्ष आपल्या पेणच्या मूर्तिकारांहून निराळे चालते. पेणच्या माणसाला ऐन कामाच्या दिवसांत आषाढ-श्रावणाच्या पावसाशी झगडावे लागते. चेन्नईचा मोठा पाऊस येतो तो ईशान्येकडून, ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे नवरात्राच्या सुमारास किंवा त्याच्या पाठोपाठ. म्हणून पोंगल आटोपला की माती तुडवायला घ्यावयाची आणि वैशाखाच्या उन्हाला कामाला लावावयाचे. पूर्वी शहराभोवती तलावच तलाव होते. आज जेथे त्यागराय नगरची गजबजलेली दुकाने आहेत, तेथे 1920 च्या दशकापर्यंत एक लांबच लांब तलाव होता. तो बुजवून त्यावर वसाहत उठविली. अशी शहराची तळी एकामागून एक घरांखाली गेली, आणि आता कुंभाराची माती लांबून ट्रकने येते. "घराचे भाडे देतो तसे मातीचेही भाडे देतो," असे ते हसून म्हणाले.

माती भिजवून, तुडवून, खडे वेचून लोण्यासारखी मऊ झाली की साचा पुढे येतो. साचा दोन भागांचा असतो, एक पोटाकडचा आणि एक पाठीकडचा. मातीची पोळी साच्यात ठेवून ती अंगठ्याने कोपऱ्याकोपऱ्यांत दाबतात. नाकाच्या शेंड्यापर्यंत, बोटांच्या पेरांपर्यंत माती गेली पाहिजे. दोन्ही भाग पातळ मातीने जोडतात, सांधा खरवडून गुळगुळीत करतात. बाहुली आतून पोकळ असते आणि तिच्या बुडाला एक भोक असते. ते नसेल तर भट्टीत आतली वाफ कोंडते आणि बाहुली फुटते. आधी सावलीत, मग उन्हात वाळवण, मग भट्टी, मग पांढऱ्या रंगाचा हात, आणि त्यावर रंग. हलकी बाहुली हवी असेल तर मातीऐवजी भिजवलेल्या कागदाचा लगदा, खडूची भुकटी आणि खळ यांचा गोळा साच्यात दाबतात. ती पडली तरी सहसा फुटत नाही आणि विमानातून परदेशीही जाते. रंगकामाचा मोठा भाग घरातल्या बायका करतात. अय्यांची सून साडीचे काठ इतक्या सरळ हाताने ओढी की मला माझ्या आईच्या रांगोळीची आठवण होई.

एकदा मी भीत भीत विचारले, "अय्या, सगळे साच्यातूनच निघते, मग तुमचे स्वतःचे असे त्यात काय?" प्रश्न विचारल्यावर मला त्याची लाज वाटली. पण त्यांना राग आला नाही. ते उठले आणि माळ्यावरून एक साचा काढून आणला. त्याच्या आतल्या बाजूस बोट फिरवावयास सांगितले. चेहऱ्याच्या जागी तो झिजून गुळगुळीत झाला होता. साचा वापरून वापरून बोथट होतो, नाकडोळे पुसट होतात, आणि शेवटी त्यातून नुसता एक गोलसर चेहरा बाहेर येतो. त्या चेहऱ्यावर पुन्हा माणूस उभा करावयाचा तो कुंचल्याने. शिवाय साचा तरी आकाशातून पडत नाही. आधी कोणी तरी एक मूळ मूर्ती नुसत्या हाताने घडवावी लागते, तिच्यावरून साचा निघतो. अशा मूळ मूर्ती त्यांनी आयुष्यात थोड्याच केल्या. पण ज्या केल्या त्यांच्याबद्दल बोलताना ते ताठ बसत.

त्यांतली एक मी जवळून पाहिली. 2019 साली कांचीपुरमला अत्ति वरदर प्रकट झाले. वरदराज पेरुमाळांच्या देवळातील तळ्यात औदुंबराच्या लाकडाची विष्णूची मूर्ती पाण्याखाली ठेवलेली असते. चाळीस वर्षांतून एकदा ती बाहेर काढतात. 1979 नंतर ती 1 जुलै 2019 रोजी भक्तांसमोर आली, आधी शयनमुद्रेत आणि ऑगस्टपासून उभी, आणि दर्शन संपून 17 ऑगस्टला पुन्हा पाण्याखाली गेली. या 48 दिवसांत कांचीला माणसांचा समुद्र लोटला. त्या वर्षी नवरात्र 29 सप्टेंबरला बसले. कोलूत दरवर्षी एक तरी नवी बाहुली घालावी अशी चाल आहे, आणि त्या वर्षी प्रत्येक घराला अत्ति वरदरच हवे होते! एरवी बाहुलीकाराला एक नवी मूर्ती जमवावयास सवड असते. येथे जुलैत पाहून नवरात्राच्या आधी मूळ मूर्ती, साचा, माती, भट्टी आणि रंग असे सगळे उरकावयाचे होते. अय्या कांचीला गेले, गर्दीत तासन् तास उभे राहिले, आणि त्यांना देवाचे दर्शन क्षणभर झाले. तेवढ्यावरून परत येऊन त्यांनी माती हातात घेतली. वर्तमानपत्रांतली छायाचित्रे समोर होती, पण त्यांच्याकडे ते फारसे पाहत नव्हते. "छायाचित्राला बाजू एकच असते, अम्मा," ते म्हणाले, "मला पाठही करायची आहे." कोलूत ती पाठ भिंतीकडे जाणार आणि कोणालाही दिसणार नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

तंजावर म्हटले की मराठी माणसाचे कान टवकारतात. व्यंकोजीराजांनी तेथे गादी स्थापन केली आणि 1855 पर्यंत भोसल्यांचे राज्य त्या गावी होते. तंजावरची डोलणारी बाहुली ही दक्षिणेतील बाहुलीकलेचा एक निराळाच नमुना आहे. नर्तकीचा घागरा, धड आणि डोके ही वेगवेगळी करून टोकावर तोलून ठेवलेली असतात. वाऱ्याची झुळूक आली की मान डोलते आणि कंबर लचकते. दुसरी एक राजाराणीची जोडी असते. तिचे बूड गोल आणि जड असते. कितीही ढकला, ती पुन्हा उभी राहते. सरफोजी महाराजांच्या काळापासून या बाहुल्या चालत आल्या असे तेथे सांगतात. तंजावरजवळच्या पुन्नैनल्लूरला त्या करणारी घराणी आहेत, आणि या बाहुल्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे रंगविणाऱ्या हातांशी या हातांचे नाते असावे असे मला नेहमी वाटते. दोघांनाही मुलाच्या खेळण्यात दरबारी कारागिरी ओतताना कधी कमीपणा वाटला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय आज घेतला ती सांगते. कोसापेटचे हेच कुंभार भाद्रपदात विनायक चतुर्थीसाठी गणपतीही करतात. घरोघरचा तो लहान पिळ्ळैयार कच्च्या मातीचा असतो, त्याला भट्टी नाही. बाजारात त्याच्यावर रंगीत कागदाची छत्री धरतात, रुईच्या फुलांची माळ घालतात, आणि डोळ्यांच्या जागी लाल-काळ्या गुंजा बसवितात. थोड्या दिवसांत तो विहिरीत किंवा समुद्रात जातो. त्यानंतर महिनाभराच्या आतच बाहुल्या विकावयास जातात. त्या मात्र बुडवावयाच्या नसतात. विजयादशमीच्या रात्री एखादी बाहुली आडवी करून दरबाराला निजवितात आणि मग सगळ्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवतात. पुढच्या वर्षी त्या पुन्हा उठतात. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे त्या जातात. माती एक, हात एक. पण एका मूर्तीचे आयुष्य दहा दिवसांचे आणि दुसरीचे माणसाहून मोठे.

मी अय्यांना विचारले, दोन्ही करताना मनात काही फरक पडतो का? ते म्हणाले, "पिळ्ळैयारला गुंजेचे डोळे लावतो. बसविले की झाले. तो जाणारा पाहुणा. बाहुलीचे डोळे मी स्वतः काढतो, आणि सर्वांत शेवटी काढतो. त्या डोळ्यांकडे कोण कोण पाहणार आहे हे मला माहीत नसते. मी गेल्यावर जन्मणारी पोर पाहील." त्या दिवशी त्यांच्या हातात एक यशोदा होती. डोळे काढताना त्यांनी घरातल्या मुलांना गप्प राहावयास सांगितले आणि मीही श्वास धरून बसले.

एका पावसाळी सकाळी त्यांच्याकडे एक बाई जुनी सरस्वती घेऊन आल्या. मूर्ती हातभर उंच, रंगाचे पोपडे निघालेले, वीणेची खुंटी तुटलेली. त्यांची मुलगी परदेशी संसार थाटणार होती, तिच्याबरोबर ही पाठवावयाची होती. "अगदी नवी करून द्या," त्या म्हणाल्या. आठ दिवसांनी त्या न्यावयास आल्या तेव्हा योगायोगाने मी तेथेच होते. साडी शुभ्र झाली होती, काठाला सोनेरी झळाळी आली होती, वीणा अखंड होती. पण डोळे जुनेच होते, किंचित फिकट. बाईंना ते आवडले नाही. पैसे पूर्ण घेता आणि चेहरा अर्धा सोडता, असे त्या जरा तोडूनच म्हणाल्या. अय्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे कमी द्या, अम्मा. डोळ्यांना मी हात लावणार नाही. ते माझ्या अप्पांनी काढलेले आहेत."

बाईंना ते खरे वाटेना. मूर्तीवर नाव नाही, खूण नाही, आणि घराण्याला ती कोठून मिळाली हे त्यांनाही ठाऊक नव्हते. तेव्हा अय्यांनी शेजारची आपली एक बाहुली उचलली आणि दोन्ही जवळजवळ धरल्या. खालच्या पापणीची रेघ त्यांचे वडील नाकाकडून सुरू करीत आणि कानाकडे नेत. तिचे मूळ जाड आणि शेवट केसासारखा. अय्या स्वतः डावरे. त्यांची रेघ कानाकडून निघे आणि नाकाशी निमुळती होई. एकदा दाखविल्यावर ते कोणालाही दिसले असते. त्यापूर्वी मी शेकडो बाहुल्या पाहिल्या होत्या आणि मला ते कधी दिसले नव्हते.

त्या बाईंनी सरस्वती कापडात गुंडाळली, पैसे पूर्ण दिले, आणि जाताना विचारले, "तुमच्या अप्पांचे नाव काय?" मामी तमिळमधून ते नाव पुन्हा पुन्हा स्पष्ट करून सांगत होत्या आणि बाई ते एका कागदावर लिहून घेत होत्या. चाळीस-पन्नास वर्षे ज्या घराने या मूर्तीपुढे दिवा लावला, त्या घरात ती कोणी केली हा प्रश्न त्या दिवशी प्रथम विचारला गेला.

अय्यांचा मुलगा आता एका कचेरीत नोकरी करतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचे कोणालाही कारण नाही. बाहुलीकाराचा पैसा महिन्यामहिन्याने मातीत गुंततो आणि नवरात्राच्या थोड्या दिवसांत परत यावा लागतो. 2020 साली महामारीमुळे घराघरांतून येणेजाणे थांबले, तेव्हा त्यांचे ते थोडे दिवसही कोरडे गेले. गिऱ्हाइकाला आता साच्यातून झटपट निघणाऱ्या चकचकीत कृत्रिम बाहुल्याही मिळतात. सून मात्र काम सोडीत नाही. गेल्या खेपेस मी गेले तेव्हा ती डोळे काढावयास शिकत होती. सासऱ्यांनी तिला आपली रेघ शिकविली नव्हती. "तिचा हात उजवा आहे," ते म्हणाले, "तिची रेघ तिची तीच शोधील." आणि खरोखरच, तिच्या बाहुलीची खालची पापणी नाकाकडून निघत होती, तिने कधी न पाहिलेल्या आजेसासऱ्यांसारखी.

श्रोतेहो, आपण महाराष्ट्रातले लोक माती पाण्यात सोडून देण्यात मोठे प्रवीण आहोत, आणि त्या सोडण्यातही एक शहाणपण आहे. पण आपल्याही घरांत जपलेली माती असते. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मान मोडलेला मावळा असतो, गौरीच्या आराशीतले रंग उडालेले हरीण असते, आजीच्या पेटीतली एखादी सावंतवाडीची ठकी असते. येत्या चैत्रात त्या पायरीवर मांडण्यापूर्वी त्यांच्या डोळ्यांकडे जरा जवळून पाहा. रेघ कोठून निघाली आहे आणि कोठे संपली आहे ते पाहा. ती ओढणाऱ्याचे नाव कळणार नाही कदाचित. पण ती ओढताना कोणी तरी श्वास रोखून बसले होते, एवढे तरी कळेल.